आज्जी बाद!

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज घरात आग लागली. खोटी. थाळी मीच बडवली.

हे खूळ थोरलीचं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आम्ही मंगळवार पेठेत. गच्चीवरून खासबागेच्या अंगाला आभाळ लाल दिसत होतं. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं थिएटर, आणि उजाडलं की केशवरावांची जयंती. आत्तींच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. ही मात्र विचारत होती, "आत कोण झोपलं असतं तर कुठनं बाहेर आलं असतं?" आमचंही घर जुनंच. लाकडी जिना, माडीवर झोपायची खोली. तिचा प्रश्न तेव्हापासून मानेवर बसलाय.

तर माडीवर मी आणि ह्यांनी जुनी चादर दोन टोकांना धरली, कंबरेएवढ्या उंचीवर. चादर म्हणजे धूर. धूर वर चढतो, बरी हवा खाली जमिनीलगत राहते, म्हणून रांगत जायचं. डोकं चादरीला लागलं की बाद. थोरली सुळकन गेली, जिना बसत बसत उतरली आणि दाराशी अडकली. वरच्या कडीला तिचा हात पोचेना. शिवाय रात्री आतून कुलूप, आणि किल्ली आत्तींच्या उशाखालच्या बटव्यात. इतकी वर्षं रोज रात्री आम्ही स्वतःला कोंडून घेतोय आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

धाकटा तर सापडेचना. हाका मारल्या, चादर टाकून शोधलं. कॉटखाली, गाद्यांच्या वळकटीमागं, तोंडावर दोन्ही हात दाबून बसला होता.

"ओ का दिली नाहीस रे?"

"मी लपलोय की. आगीला दिसलोच नसतो."

पोटात गोळा आला. रागावले की तो तिथंच जाऊन बसतो. भीती म्हणजे कॉटखाली, एवढंच त्याला ठाऊक. खऱ्या आगीतही लहान पोरं अशीच पलंगाखाली नाहीतर कपाटात लपतात, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि ते दाबलेले हात बघणं वेगळं. मग पुढचा अर्धा तास फक्त ओ द्यायचा खेळ. ह्यांनी हेल्मेट चढवलं, तोंडाला मफलर गुंडाळला, घोरल्यासारखा श्वास घेत वर आले. बंबवाले मास्क लावून आले तर असेच दिसणार. पहिल्यांदा धाकट्यानं भोकाड पसरलं. ह्यांनी हेल्मेट काढलं, घातलं, परत काढलं. चौथ्या वेळी तो स्वतःच ओरडला, "ओ! मी हितं हाय!"

स्वयंपाकघरात फार वेळ गेला नाही. धूर वर जातो पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, हे थोरलीला भारी वाटलं. वास आला तर दिव्याचं बटण चालू नाही, बंदही नाही. खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. 101 आणि गळतीसाठी 1906 तिनं खडूनं दारामागं लिहिले. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण घालायचं, हा धडा मोठ्यांचा. तेवढ्यात गॅसच्या नळीवरची तारीख वाचली. पाच वर्षांनी बदलायची असते. आमची केव्हाच उलटून गेलेली. पोरांना शिकवायला निघाले होते मी!

किल्लीवरून आत्ती अडून बसल्या. "चोर आला म्हंजे?" शेवटी दारामागं, खिडकीतून हात पोचणार नाही असा, थोरलीच्या खांद्याएवढ्या उंचीवर खिळा ठोकला. वरची कडी आता लावायची नाही असं ठरलं. त्याही कबूल झाल्या. तोंड वाकडं करून.

संध्याकाळी पुन्हा थाळी. जमायची जागा तालमीची पायरी. दोघंही पोरं आधी पोचली. धाकटा तर वाटभर ओ देत होता, कुणी हाक मारली नसताना. हे आले, मी आले. आत्ती अर्ध्या वाटेवरून मागं फिरल्या आणि पाच मिनिटांनी पदराखाली काहीतरी धरून आल्या. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण.

"आज्जी बाद!" थोरली तालमीसमोर ओरडली. "बाहेर आल्यावर परत आत जायचं नसतंय!"

"देवाला जळत ठेवून येऊ व्हय?"

तालमीतली पोरं हसत होती. ह्यावर थोरलीकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही.

आत्ता सगळे झोपलेत. किल्ली खिळ्याला आहे, दोनदा बघून आले. बाळकृष्ण मात्र देव्हाऱ्यात नाही. आत्तींच्या उशाखालचा बटवा फुगलेला दिसतोय.