विमा कंपनीच्या खात्यावरचा धूर

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा हवामानावर आधारित विमा काढणाऱ्या शेतकऱ्याला कडाक्याची थंडी, उन्हाचा तडाखा आणि वेगाचा वारा यांचे निकष तोंडपाठ असतात. मात्र हवामान बिघडवणाऱ्या उद्योगांनाही विमा कंपन्याच संरक्षण देतात, ही बाजू आपल्याकडे क्वचितच चर्चेला येते. कंपनीच्या कार्यालयातील वीज आणि जनरेटरचे डिझेल यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन तुलनेने किरकोळ असते. खरा भार तिच्या गुंतवणुकीचा आणि विमा दिलेल्या ग्राहकांचा.

ग्राहकांचा भार मोजण्याची पद्धत ‘पीसीएएफ’ या, वित्तसंस्थांच्या व्यवहारांमागचे उत्सर्जन मोजण्याचे निकष ठरवणाऱ्या जागतिक गटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केली. व्यावसायिक विम्यात हप्त्याला ग्राहकाच्या महसुलाने भागून वाटा काढतात. समजा, कारखान्याचा महसूल १०० कोटी, हप्ता २० लाख आणि उत्सर्जन ५०,००० टन असेल, तर विमा कंपनीच्या नावे १०० टन लागतात. यातली गोम अशी की, नुसता हप्ता उतरला तरी हा आकडा घटतो, धूर मात्र तेवढाच राहतो, आणि दीपनगर औष्णिक वीज केंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्या भुसावळकराला हे वेगळे सांगायला नको.

माझ्या मते दाव्यांच्या कामात कंपनीचा हात अधिक थेट पोहोचतो: गाडीचा दुरुस्त होण्याजोगा बंपर बदलण्याचा आग्रह नुकसान तपासणाऱ्या सर्वेक्षकाने सोडला, तर नव्या प्लास्टिकचे उत्सर्जन टळते आणि दाव्याची रक्कमही बहुधा कमी होते.