ललितपूर: फाटकाबाहेर बसलेली आई

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीत पुन्हा घोषणा झाली. मे महिन्यात टीम परदेशी सेवाकार्याला जाणार, अनाथाश्रमातल्या मुलांसोबत राहणार, इच्छुकांनी सचिवांकडे नावं द्यावीत. टाळ्या झाल्या. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही नेपाळला जाऊन आलात ना, मग बोला की दोन शब्द." दोन शब्दांत ते मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मे 2019 मधली गोष्ट. मी नुकतीच निवृत्त झाले होते. परिचारिका म्हणून माझी बहुतेक नोकरी सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात झाली, म्हणून टीममध्ये मला घेतलं ते मुलांची तपासणी करण्यासाठी. बाकी सगळी तरुण मुलं, पाळकसाहेब आणि आमचे खजिनदार. पुण्याहून गोरखपूर, तिथून जीपने सीमेवरच्या सोनौलीला, कमानीखालून पायी पलीकडे नेपाळात, मग रात्रभर बस. मे महिन्यात स्लीपरच्या डब्यातून उत्तर प्रदेश पार करणं हे साठीच्या बाईने करू नये, एवढंच त्या प्रवासाबद्दल सांगते. शंभराच्या वरची भारतीय नोट तेव्हा नेपाळमध्ये चालत नव्हती, त्यामुळे खजिनदारांनी शंभराच्या नोटांची पुडकी कमरेला बांधून आणली होती. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ, हा दर ठरलेला.

बसमध्येच पाळकसाहेबांनी सगळ्यांना बजावलं की कुणाला धर्मांतराचं काही बोलायचं नाही. ऑगस्ट 2018 पासून नेपाळमध्ये नवी फौजदारी संहिता लागू झाली आहे आणि धर्मांतर घडवून आणणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. "आपण फक्त प्रेम द्यायला जातोय," ते म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले. या टीममधलं कुणीही वाईट नव्हतं, हे मला आधीच सांगून ठेवायचं आहे.

ते बालगृह काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरच्या दक्षिणेला, गोदावरी नावाच्या गावाच्या वाटेवर. तीन मजली इमारत, लोखंडी फाटक, मागे मक्याचा तुकडा. आम्ही बॅगा उतरवत होतो तोच मुलं धावत आली आणि ज्याच्या त्याच्या कमरेला मिठ्या मारल्या. एक चिमुरडी माझ्या हातात हात घालून उभी राहिली, ती चहा येईपर्यंत सोडेना. टीममधल्या मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती प्रेमळ आहेत हो सिस्टर!" मला मात्र पोटात गोळा आला. घरात वाढणारं तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातं, तिथून डोकावतं, मग हळूहळू जवळ येतं. वॉर्डात मी हजारो मुलं अशीच पाहिली. जे मूल पहिल्या मिनिटाला कुणाच्याही कडेवर जातं, त्याच्या आयुष्यात फार माणसं आली आणि गेली असतात. आईपासून तुटलेल्या मुलांबद्दल ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 मध्येच लिहून ठेवलं आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला ते शिकवलं होतं. आमच्या आधी महिनाभरापूर्वी एक टीम येऊन गेली होती, आमच्यानंतर दुसरी येणार होती. भिंतीवर सगळ्यांच्या हातांचे रंगीत ठसे होते.

जेवणाखाण्याची तक्रार नाही. सकाळी दहाला डाळभात, दुपारी काहीतरी खाजा, म्हणजे मधलं खाणं, संध्याकाळी पुन्हा डाळभात आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. स्वयंपाक करणाऱ्या दिदी पहाटे चारला उठत. आमच्या टीमसाठी वेगळी अंडी केली जात आणि मुलं समोर बसून ती बघत. दुसऱ्या दिवसापासून मी ती खाल्ली नाहीत.

मी व्हरांड्यात टेबल मांडलं, वजनकाटा ठेवला, भिंतीवर फूटपट्टी चिकटवली आणि कार्ड भरायला घेतली. नाव, वय, वजन, उंची, दात, त्वचा, पालक. देवनागरी असल्यामुळे त्यांच्या फायली मला वाचता येत होत्या. एक मुलगी आली. फाईलमध्ये वय सहा. वजन 19 किलो, उंची 115 सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलीला हे अगदी ठीक आहे, वाढीच्या तक्त्यात ती मध्याच्या आसपास बसते. मग तिने तोंड उघडलं. वरचे चारही पुढचे दात पक्के. दुधाचे नव्हेत, कडेला करवतीसारख्या बारीक खाचा असलेले, नुकते पुरते आलेले पक्के दात. सहाव्या वर्षी वरचे चार येत नाहीत. मी तिला पुन्हा वय विचारलं तर ती गप्प. "पालक" या रकान्यात फाईलमध्ये रेघ मारलेली होती. मीही रेघ मारणार तेवढ्यात ती म्हणाली, "आमा शनिबार आउनुहुन्छ."

आई शनिवारी येते.

मी ऑफिसात विचारलं. तिथले गृहस्थ हसून म्हणाले, लांबची कुणी नातेवाईक असेल, मुलं सगळ्यांनाच आमा म्हणतात.

नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे चर्चही शनिवारी. वरच्या हॉलमध्ये उपासना होती आणि त्यानंतर आमचा कार्यक्रम. कठपुतळ्या, कृतिगीतं, भेटवस्तूंचं वाटप, फोटो. मी औषधांची पेटी आणायला खाली आले, तर फाटकाबाहेर एक बाई उकिडवी बसलेली. तिशीची असेल, तीही जेमतेम. पायात प्लास्टिकच्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. पहारेकरी म्हणाला, पाहुण्यांचा कार्यक्रम चालू आहे, संपल्यावर सोडणार. पाहुणे म्हणजे आम्ही. मी त्याला फाटक उघडायला सांगितलं, तर म्हणे साहेबांचा हुकूम. मग मीच बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसले.

तिला हिंदी बरं कळत होतं. सिंधुपाल्चोकमधल्या चौताराच्या वरच्या एका गावातून ती पहाटेच्या बसने आली होती. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात नेपाळमधली सर्वाधिक माणसं याच जिल्ह्यात गेली. तोही शनिवारच होता, दुपारी बाराच्या सुमाराचा. शाळांना सुट्टी होती म्हणून हजारो पडलेल्या शाळा रिकाम्या होत्या आणि मुलं वाचली. तिची मुलगी बाहेर शेळ्यांमागे होती, नवरा घरात होता. पुढच्या वर्षी ओळखीतल्याच एका माणसाने सांगितलं की काठमांडूकडे मुलींना शिक्षण, जेवण, कपडे सगळं फुकट मिळतं. त्याने त्याबद्दल पंधरा हजार नेपाळी रुपये घेतले. तिने ते कर्जाने काढले. नंतर तिला कळलं की मुलीला कागदावर आईबाप नाहीत.

वरून आमच्या गिटारचा आवाज येत होता. माईकवर आमचीच एक मुलगी मुलांना हात वर करायला सांगत होती. ही बाई प्रत्येक गाण्याला वर बघायची.

मी तिला सांगितलं की तुझ्या मुलीला मी तपासलं आहे. तिने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. "कति किलो?" मी 19 सांगितलं आणि तिचा चेहरा पडला. आधी कमी होतं का जास्त, हे तिला नेमकं सांगता येईना, पण मूल उचललं की आईच्या हाताला कळतं. ती म्हणाली, "मागच्या दसैंला उचलली होती, तेवढीच आहे." मी खिशातून कार्ड काढलं आणि जन्म विचारला. मंसिर 2067, तिने पटकन सांगितलं. म्हणजे आपला 2010 चा नोव्हेंबर-डिसेंबर. मुलगी साडेआठ वर्षांची होती. साडेआठ वर्षांच्या मुलीचं वजन 26 किलोच्या आसपास हवं. फाईलमध्ये अडीच वर्षं खाल्ली होती आणि त्यामुळे तिची उपासमार तक्त्यावर दिसतच नव्हती.  लहान वयाच्या मुलीला देणगीदार लवकर मिळतो, हे मला नंतर तिथल्याच स्वयंपाकाच्या दिदींनी सांगितलं.

मी तिथेच फाटकाशी बसून कार्डावरचं वय खोडलं, नवीन लिहिलं आणि "पालक" समोर त्या बाईचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहिला. तिने पिशवीतून भाजलेले मकै-भटमास, म्हणजे मका आणि सोयाबीन, काढून माझ्या ओंजळीत घातले. जवळजवळ दोन तास ती बाहेर होती. कार्यक्रम संपल्यावर आत सोडलं, तर परतीची बस पकडायची म्हणून अर्ध्या तासात निघाली. आमच्या ग्रुप फोटोत तिची मुलगी पहिल्या रांगेत आहे, हातात आम्ही दिलेली कंपासपेटी आहे, आणि नजर फाटकाकडे आहे.

मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तो बोलून दाखवला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या ज्या वचनावर आमचं सेवाकार्य उभं होतं, पहिल्या अध्यायातलं सत्ताविसावं, ते आमच्या बॅनरवरही छापलं होतं. त्यात अनाथ आणि विधवा एकाच श्वासात आहेत. दोघांचा समाचार संकटात घ्यायला सांगितलं आहे. आम्ही अनाथाला वरच्या मजल्यावर गाणी शिकवली आणि विधवेला फाटकाबाहेर बसवलं. विधवेचा समाचार घेतला असता, तर त्या घरात अनाथ उरलंच नसतं. पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. एक-दोघे माझ्यावर चिडले, की सिस्टर सेवेचा आनंद घालवतात.

मला हे इतकं लागतं त्याला घरचं कारण आहे. माझी पणजी 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंच्या माणसांनी केडगावला आणलेली. रमाबाई स्वतः विधवा होत्या, त्यांचं शारदा सदन 1889 मध्ये निघालं तेच विधवांसाठी. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये पोरक्या मुली होत्या आणि विधवाही होत्या. पणजी तिथे विणकाम शिकली आणि म्हातारपणी कुठल्या बाईने आपल्याला हाताला धरून शिकवलं ते नावानिशी सांगायची. तिथली शिकवणारी माणसं आमच्यासारखी पाहुणी नव्हती, राहायला आलेली होती.

परत आल्यावर मी शोधून वाचलं. भूकंपाच्या सुमारास युनिसेफने सांगितलेलं आहे की नेपाळच्या बालगृहांतल्या मुलांपैकी किमान 85 टक्के मुलांचे आई किंवा वडील, एक तरी जिवंत आहेत. तेव्हाच्या 75 जिल्ह्यांपैकी पर्यटक जास्त जातात अशा पाच जिल्ह्यांत जवळजवळ 90 टक्के बालगृहं होती. म्हणजे काठमांडू खोऱ्यातले तीन, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन. मुलं डोंगरातली आणि बालगृहं विमानतळाजवळ. भूकंपानंतर सरकारने नवी बालगृहं काढायला आणि मुलांना परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली होती, तरीही माझ्या समोरची मुलगी 2016 मध्ये आलेली. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने अशा व्यवहाराला मुलांची तस्करी म्हटलं. आम्ही जाऊन आलो त्याच वर्षी, डिसेंबर 2019 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथाश्रमांत जाणाऱ्या स्वयंसेवकांचा उल्लेख आला. आमच्यासारखी चांगली माणसं येत राहतात, म्हणून दाखवायला मुलं लागतात.

मग मी त्या बाईला फोन करत राहिले. बालगृहाचं उत्तर ठरलेलं, मुलीला परत पाठवणं शक्य नाही, कागदपत्रं आहेत, परवानग्या आहेत. 24 मार्च 2020 ला नेपाळमध्ये लॉकडाऊन लागलं, देणग्या थांबल्या, आणि आठवडा व्हायच्या आत त्यांनी तिला आईकडे पोचवलं. एकही कागद लागला नाही. आता ती गावाजवळच्या शाळेत आहे. टीममधली तीन मुलं, त्यात त्या रात्री माझ्यावर चिडलेला एक जण आहे, मिळून तिच्या शाळेचा खर्च पाठवतात. आमच्यापैकी एका माणसाच्या त्या सहलीला साधारण 22 हजार रुपये लागले होते. तेवढ्यात मुलीचं वर्ष निघतं आणि आईला शेळी घेता आली.

रविवारी एका मुलीने मला विचारलं, "मग आम्ही काय करायचं सिस्टर, घरी बसायचं का?" मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. वडील गेलेल्या मुलाला संस्थेत न टाकता आईपाशीच ठेवायला सरकार महिन्याला 2250 रुपये देतं. आमच्या मंडळीच्या आसपासच्या वस्तीत कोविडमध्ये नवरे गेलेल्या कितीतरी बायका आहेत आणि निम्म्यांना ही योजना माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार गोळा करता करता थकतात, कारण प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. तिथे गिटार लागत नाही. तहसील कचेरीत रांगेत उभं राहायला तरुण पाय लागतात आणि अर्ज नीट भरणारा हात लागतो.

ती आली. काल दिवसभर आम्ही दोघी अशाच एका बाईच्या घरी बसलो होतो. मंगळवारी त्या बाईला घेऊन ही योजना मंजूर करणाऱ्या बालकल्याण समितीसमोर जायचं आहे. मुलाचं बोनाफाईड शाळेने अजून दिलेलं नाही, ते उद्या सकाळी आणायचं काम त्या मुलीने घेतलं आहे.