गड्ड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याचं रान

संक्रांतीला सोलापूरला लोक सिद्धेश्वराच्या गड्ड्यासाठी, म्हणजे यात्रेसाठी जातात. मीही गेले, पण खरी ओढ ज्वारीची होती. मी पडले कोकणातली भातखाऊ. आमच्याकडे खारजमिनीत खारं पाणी सोसणारं पनवेल भात, वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत, लवकर येणारं हळवं, पाणथळ मळ्यात उशिरा येणारं गरवं. जागा बदलली की बियाणं बदलतं. इथे तोच प्रकार एकाच शेतकऱ्याच्या वावरात भेटला.

बेगमपूरला भीमा ओलांडून मंगळवेढ्याच्या अलीकडे एका वस्तीवर थांबलो. काकांनी काळ्या रानातल्या भेगेत काठी सोडली, हातभर आत गेली.

"ताई, हिला आता पाऊस नको, खालची ओल बास हाय. पण माळाकडं लगेच मुरूम लागतोय. म्हणून तिकडं अनुराधा, हितं वसुधा."

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पुढे साठलेल्या ओलीवर काढायची. हलक्या रानात ओल संपायच्या आत दाणा भरला पाहिजे, म्हणून फुले अनुराधा किंवा माउली. मध्यम रानाला सुचित्रा. भारी रानाला सवड असते, तिथे वसुधा, यशोदा. राहुरीच्या विद्यापीठाने जमिनीची खोली बघूनच ही वाणं दिली आहेत.

तरी काकांच्या घरची भाकरी मालदांडीचीच! मालदांडी 35-1 ही याच जिल्ह्यातली: मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून 1930 च्या दशकात निवडलेली. खरिपात 1964 च्या सीएसएच-1 पासून संकरित ज्वारी पसरली. रब्बीत मात्र मालदांडीने जागा सोडली नाही. ज्वारीचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच कणसात होतं, त्यामुळे एकदा निवडलेला वाण पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच उतरतो. चवीची खात्री मिळते, पण मूळ गावरान मालदांडीतली सरमिसळ निवडीतच गळते. उद्याचा दुष्काळ किंवा खोडमाशी सोसणारा गुण त्या गळालेल्यात असला तर? 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण दगडी, कुचकुची, गुळभेंडी या गावरान ज्वारी बांधावर तरी टिकल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत झालंय.

काकूंनी गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा दिला, वर शेंगाचटणी. पुढे बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

जाणार असाल तर जानेवारीत जा आणि गुळभेंडी पेरलीय का, हे आधी फोनवर विचारा. नाहीतर मालदांडीचाच हुरडा पुढ्यात येतो. तोही वाईट नसतो म्हणा, पण गुळभेंडीचा गोडवा त्याला नाही.