खर्ज बोलेना

लग्नसराईत आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नाशिकच्या तांबट लेनमध्ये आजोबा हंडे ठोकायचे. वडिलांनी त्याच ओट्यावर बँडवाल्यांच्या वाद्यांचे पोचे काढायला सुरुवात केली, आणि माझ्यापर्यंत येता येता हंडे गेले, ट्रम्पेट-युफोनियम उरले. पितळ तेच. पाणी आजही निघतं त्यातून, पण ते वादकांच्या श्वासाचं.

त्या शुक्रवारी सकाळी एक बँडमास्तर गोणपाटात गुंडाळलेलं युफोनियम, म्हणजे बँडातलं खालच्या सुरांचं जाड पितळी वाद्य, घेऊन आले. मागे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, मान खाली.

"दादा, एक तर हे वाद्य बघा, नाहीतर हा पोरगा बघा. दोघांतलं एक बिघडलंय," मास्तर म्हणाले. "वरचं सगळं छान वाजवतो. खर्जात गेला की फुस्स! रविवारी पंचवटीत वरात आहे."

दोन महिने हेच चाललं होतं. शेवटी मास्तरांनी त्याच्या हातात झांजा दिल्या होत्या.

आता खरं सांगायचं तर असं वाद्य आलं की दहातले आठ वेळा दोष वादकाचाच असतो. खालच्या सुराला ओठ सैल लागतात, हवा भरपूर लागते, पण जोरात नाही. नवीन पोरं उलट करतात. खाली जायचं म्हणून छाती फुगवून ओठ आवळतात, मग सूर वरच्यावर उडी मारतो. म्हणून मी आधी त्यालाच वाजवायला लावलं. ओठ बरोबर होते. गाल फुगत नव्हते. हवाही संथ सोडत होता. तरी तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, दाबले की नुसता वाऱ्याचा आवाज, मधूनच एखादा घरघरता तुकडा.

समोरच्या भांड्यांच्या दुकानात दाराशी एक मोठी परात टांगलेली असते. धडधाकट युफोनियमचा सगळ्यात खालचा सूर माझ्या ओट्यावर लागला की ती परात झणझणते. वर्षानुवर्षं तीच माझी तपासणी. त्या दिवशी परात गप्प होती.

युफोनियमची नळी सरळ केली तर साधारण नऊ फूट भरते. पिस्टन दाबला की हवा त्याच्या जादा वळशातून फिरते आणि सूर उतरतो: दुसरा अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका, तिसरा दीड. तिन्ही दाबले की हवा बारा फुटांहून लांबचा फेरा मारते. गंमत म्हणजे तेवढंही पुरत नाही. प्रत्येक वळशाची लांबी मूळ नऊ फुटांच्या हिशेबाने कापलेली असते, पण तिन्ही एकत्र घेतले की नळी मुळातच लांब झालेली, त्यामुळे बेरीज चार-पाच इंच कमी पडते आणि सूर चढा लागतो. चौथ्या पिस्टनचं महागडं वाद्य आमच्याकडच्या बँडात क्वचितच दिसतं. त्यामुळे तिसऱ्याची सरक नळी थोडी बाहेर ओढून, ओठांनी सांभाळून भागवतात. मीही आधी तेच केलं. सरक नळी ओढली, पिस्टन धुतले, तेल दिलं, स्प्रिंग बदलल्या. दुपारचे दोन वाजले. खर्ज बोलेना.

मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. मागे एकदा चांगल्या युफोनियमवर तिने मोबाइलचं अॅप लावून दाखवलं होतं. सगळ्यात खालचा सूर 82 हर्ट्झचा, पण पडद्यावर 82 ची रेघ बुटकी, आणि तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या रेघा, म्हणजे 165, 247, चांगल्या उंच. मी म्हटलं, अॅप खोटं. ती म्हणाली, "बाबा, त्या सुराची लाट चार मीटरहून लांब आणि भोंगा फूटभर रुंद. ती लाट बाहेर पडतेच कमी, बरीचशी आतच परत फिरते. वरचे सोबती बाहेर येतात आणि त्यांच्यावरून खालचा सूर आपला कान जुळवून घेतो." मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून 82 हर्ट्झ नीट निघतच नाही, तरी त्यावर युफोनियमचं रेकॉर्डिंग ऐकताना खर्ज ऐकू येतो, तो असाच. डीजेवाले भिंतीएवढे स्पीकर लावून जे करतात ते बँडात एक माणूस कवेतल्या पितळेतून करतो, कानाला असं चकवून. ही परत फिरणारी लाटच ओठांना ताल देते. ती वाटेत कुठे गळाली की ओठ एकटे पडतात. आणि बारीक भोक वरच्या सुराला फारसं कळत नाही, खालच्याला तेच खिंडार होतं.

म्हणजे गळती. पण कुठे? मी परत पिस्टनकडे वळलो, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला पोरगा म्हणाला, "काका, एक सांगू? हा सूर पहिला-दुसरा दाबून येतो. तोच एकटा तिसरा दाबूनही यायला पाहिजे. माझा तिसऱ्याने फाटतो."

वाजवून दाखवलं. मधल्या पट्टीतलाच सूर. पहिला-दुसरा दाबून गोल, भरदार. नुसत्या तिसऱ्याने चिरका.

मी कपाळावर हात मारला. वरच्या सुरांना तिसरा पिस्टन जवळपास लागतच नाही, खाली गेलं की मात्र पदोपदी लागतो. म्हणून सगळ्यांना वाटलं, पोराला खर्ज जमत नाही. वाद्य खर्जात नाही, तिसऱ्यात आजारी होतं.

"आधी का नाही बोललास रे?"

तो मास्तरांकडे बघून पुन्हा खाली बघायला लागला.

मोठी सरक नळी काढून मागचं तोंड बुचाने बंद केलं. गॅसवाला सिलेंडरला लावतो तसं साबणाचं पाणी तिसऱ्या वळशाच्या प्रत्येक सांध्याला ब्रशने लावलं, पिस्टन दाबून हळूच फुंकलं. पहिला सांधा कोरडा. दुसरा कोरडा. सरक नळी ज्या बाहेरच्या नळीत सरकते ती जिथे वळशाला जोडलेली असते त्या कड्याखाली, मागच्या बाजूला, फेसाचा एक बुडबुडा हरभऱ्याएवढा फुगला, फुटला, आणि लगेच दुसरा फुगायला लागला.

कड्यावरचा डाख, म्हणजे कथलाचा जोड, मी ओळखला. शेवटाला जरा जाड, डावीकडे ओढलेला. असा डाख लेनमध्ये एकच माणूस देतो. दोन वर्षांपूर्वी हे वाद्य टेम्पोतून पडलं होतं. वळसा चेपला होता, तो उतरवून, सरळ करून मीच परत बसवला होता. मागच्या बाजूला कथील पुरतं पोचलंच नव्हतं. तोवर थोडंफार धरून असेल, मग घामाने नि पाण्याने मोकळं झालं.

कडं तापवून उतरवलं, आतलं काळं खरवडलं, नवसागर लावून नव्याने डाख दिला. अर्धा तास लागला. गार झाल्यावर पोराने वाद्य उचललं, तिन्ही पिस्टन दाबले आणि नुसता श्वास सोडला. समोरची परात अशी झणझणली की दुकानदार बाहेर येऊन तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"किती झाले?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"असं कसं?"

मग सांगितलं. कडं दाखवलं, जुना डाख दाखवला. मास्तर मोठ्याने हसले. "मग दोन महिन्यांचं झांजांचं भाडं तुमच्याकडून घ्यायला पाहिजे!"

मीही हसलो. पोरगा हसला नाही. तो सदऱ्याच्या टोकाने तिसऱ्या वळशावरचा साबण पुसत बसला होता.