नक्षी शाबूत, टायर बाद

अखेर मोटरहोमचे, म्हणजे आमच्या राहण्या-फिरण्याच्या घरगाडीचे, टायर बदलले. चारही, शिवाय स्टेपनी. जुन्यांची नक्षी चांगली ६ मिमी शिल्लक होती, त्यामुळे जो बघेल तो "अजून दोन वर्षं सहज जातील" म्हणायचा. मीही त्यांच्यातलाच. मग एका रविवारी गाडीखाली शिरून टॉर्चच्या उजेडात मागच्या चाकांची आतली बाजू पाहिली. रबराला बारीक भेगांचं जाळं पडलं होतं, वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतं तसं.

टायरच्या कडेवर 'डीओटी' अक्षरांनंतर एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि साल. हा पूर्ण क्रमांक बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतो, आणि माझ्या नशिबाने तो आतच होता. शेवटचे चार आकडे २३१४. म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. अकरा वर्षांचे टायर! बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असो, बदल सांगतात. आपल्या गाड्या वर्षातले कितीतरी महिने जागेवर उभ्या असतात, तेही पूर्ण वजन घेऊन. रबरात, त्याला भेगा पाडणाऱ्या हवेतल्या ओझोन वायूपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरला, दबला, सुटला की ते पृष्ठभागावर येतं. उभ्या गाडीत ते पुरेसं येतच नाही. त्यामुळे कमी चालवलेली गाडी म्हणजे चांगले टायर, हे गणित आपल्याकडे उलटं पडतं.

नवे घेण्याआधी वजनकाट्यावर गेलो. हे काम मी तीन वर्षं टाळलं होतं. पाण्याची टाकी भरून, गॅस, सामान, दोघं माणसं, सगळ्यासकट: पुढे १४८० किलो, मागे १९६०. मग एकेक बाजू काट्यावर घेतली आणि डोकं खाजवलं. मागचं डावं चाक ९१०, उजवं १०५०. टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही उजवीकडे आहेत, आणि सामान लावतानाही आमचा हात तिकडेच जातो. हवा ठरवताना त्या अॅक्सलवरच्या (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या) जड चाकाचा आकडा धरायचा आणि दोन्ही बाजूंना तेवढीच भरायची.

साइज तीच ठेवली, २२५/७५ आर १६, पण या वेळी सीपी खुणेचे घेतले. हे कॅम्पिंगच्या गाड्यांसाठीच असतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, ११६; म्हणजे एका टायरला १२५० किलो; माझ्या जड चाकालाही २०० किलोंची सवड राहते. मागे ५.५ बार, म्हणजे ८० पीएसआय. पुढे आजवर मी डोळे झाकून तेवढीच भरत होतो. कंपनीच्या तक्त्यात माझ्या पुढच्या चाकांचं वजन पाहून ती उतरवली, आणि कपाटातल्या ताटवाट्यांचा खडखडाट निम्म्यावर आला.

दुकानात दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली, तारीख. "नवीन" म्हणून काढलेल्या दोन टायरांवर तीन वर्षांपूर्वीचा आकडा निघाला, ते परत. दुसरी, व्हॉल्व्ह. रिममध्ये दाबून बसवायचे साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचे असतात, आणि मी इतकी वर्षं त्यांच्यात ८० भरत होतो! ते कळल्यावर पोटात गोळाच आला. आता नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह बसवलेत.

घरी येऊन सगळे नट सैल करून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावता येणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला पुन्हा आवळले. मशीनने इतके घट्ट बसवले होते की गाडीतल्या पान्याने एक तरी सुटला असता की नाही, शंकाच आहे. ८० किमीनंतर परत तपासले. दोन नट थोडे फिरले.

हवा मात्र सकाळी, गाडी जागची हलायच्या आत बघायची. या दाबाला दर १० अंश सेल्सिअसला सुमारे ३ पीएसआयचा फरक पडतो. वाटेत गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. मी एकदा सोडली होती, दुसऱ्या दिवशी चारही चाकं कमी. टायरांना चकाकी आणणारं पेट्रोलियमचं पॉलिशही बंद केलं. आता फक्त साबणपाणी, आणि गाडी उभी असताना चाकांवर कापडी झाकणं.

स्टेपनीची कथा वेगळीच. ती गाडीखाली केबलवर टांगलेली, आणि खाली सोडायची चरखी गंजून जाम. घराबाहेर हे उघड झालं असतं तर काय केलं असतं, देव जाणे. तीन दिवस गंजतेल मारून सुटली. केबलचे दोन-चार धागे तुटलेले दिसतायत, म्हणून सध्या नवी स्टेपनी मागच्या डिकीत आडवी पडलीये, आणि वजनाचा हिशेब परत बिघडलाय. केबल आली की काट्यावर पुन्हा फेरी.