टाकीतले पाणी अखेर तयार झाले
आज चाचणीच्या नळीतले पाणी जांभळे न होता आकाशी निळेच राहिले, म्हणजे माशांना विषारी असलेले नायट्राइट शून्यावर आले, आणि तसाच विषारी अमोनियाही शून्य असल्याने टाकीत पहिले मासे सोडायला हरकत उरली नाही. विष्ठा व उरलेले खाद्य यांतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून कितीतरी सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे वाढायला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर या जिवाणूंना खाद्य म्हणून रिकाम्या टाकीत थेंब थेंब अमोनिया घालणाऱ्याकडे घरचे कोणत्या नजरेने पाहतात, हे सांगायला नको. टाकीबरोबर त्याच दिवशी मासे देण्याची दुकानांतली पद्धत मला मुळीच पटत नाही.

झेब्रा डॅनिओ आणले. आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतले, काटक मासे. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू दिले आणि मासे जाळीने सोडले, पिशवीतले पाणी टाकीत ओतले नाही. आज उपवास, उद्यापासून चिमूटभर खाद्य. स्पंज मात्र नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याच जिवाणूंना मारते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, असे घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.