चुन्याच्या कामासाठी गवंडी तयार करताना: माझा अनुभव

वाईत आणि आसपास जुन्या बांधकामांना तोटा नाही. 1762 मधले ढोल्या गणपतीचे देऊळ आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांच्याखेरीज कोणत्याही यादीत नसलेले कितीतरी वाडे आणि लहान देवळे कृष्णेकाठी उभी आहेत. अशाच एका वाड्याची देखभाल आमच्या विश्वस्त संस्थेकडे आहे आणि चिटणीस या नात्याने दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. पैशांची जुळवाजुळव झाली, आराखडा झाला, पण चुन्यात काम करणारा गवंडी तालुक्यात मिळेना. बाहेरून कारागीर आणायचे तर त्यांचा मुक्काम आणि प्रवास यांतच बराच खर्च होतो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर एखादी दरज, म्हणजे दगड-विटांमधला सांधा, उघडी पडली की पुन्हा त्यांनाच बोलवावे लागते. म्हणून स्थानिक गवंड्यांनाच हे काम शिकवावे, असे आम्ही ठरवले.

सिमेंट का नको, हे विश्वस्तांना पटवण्यासाठी मला व्याख्यान द्यावे लागले नाही. वाड्याच्या मागच्या भिंतीला पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला होता. तो छिन्नीने सोडवायला घेतला तेव्हा त्याच्या पाठीला चिकटून विटांचे पापुद्रे निघाले आणि आतली वीट बोटाने खरवडता येईल इतकी भुसभुशीत झालेली दिसली. जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून सुकते, पण सिमेंटमागे ती अडकते, क्षार विटेतच साचतात आणि भिंतीला लोणा लागतो.

शेजारच्या तालुक्यात सत्तरी ओलांडलेले एक गवंडी भेटले, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. वर्गात बसवून शिकवायला त्यांनी साफ नकार दिला. प्रत्यक्ष भिंत समोर असेल आणि शिकणाऱ्याला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळणार असेल तरच येतो, असे त्यांनी सांगितले. दुसरी अट मला आधी जाचक वाटली, पण हिशेब मांडल्यावर तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत गवंडीकामाचा समावेश आहे आणि पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, शिवाय अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आमच्या गटातल्या काहींनी नोंदणी केलीही, मात्र कुटुंबातील एकालाच लाभ मिळत असल्याने आईवडिलांच्या घरातल्या दोघा अविवाहित भावांपैकी एकाला माघार घ्यावी लागली. अवजारांची मदत उपयोगी आहे, यात शंका नाही. पण हाती काम असलेला गवंडी त्या विद्यावेतनापेक्षा जास्त रोज कमावतो आणि चुन्याचे काम पाच-सात दिवसांत हाताला बसत नाही. शेवटी दुरुस्तीच्याच निधीतून बाजारभावाने रोज द्यायचा आणि प्रशिक्षण म्हणून वेगळा खर्च दाखवायचा नाही, असा मार्ग काढला.

खरी मेहनत चुन्यावर घ्यावी लागली. दुकानात पोत्यातून मिळणारी चुन्याची फक्की बहुधा जुनी असते आणि पकड धरत नाही, म्हणून भट्टीतून ताजी चुनकळी, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे, मागवली. विझवण्यासाठी हौदात आधी पाणी आणि मग त्यात थोडी थोडी चुनकळी, हा क्रम अण्णांनी कधी बदलू दिला नाही. खडे पाण्यात पडताच चरचरतात, फुटतात आणि काही वेळात सगळा हौद खदखदू लागतो. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा नसेल त्याला ते जवळ फिरकू देत नसत. विझलेला चुना जाळीतून गाळून पाण्याखाली मुरत ठेवला. पूर्वी काळ्या मातीतले चुनखडीचे खडे भाजत, त्यांत मातीचा अंश असल्याने तो चुना ओल्या जागीही धरत असे. आजचा शुद्ध चुना मात्र हवा लागल्याशिवाय घट्ट होत नाही, म्हणून जोत्याजवळच्या कामात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळली. मळणीसाठी विजेवर फिरणारा घाणा भाड्याने आणला. बैलाच्या घाण्याचाच आग्रह धरणारे काही हौशी जाणकार भेटले, पण अण्णांना स्वतःला विजेच्या घाण्यात काही वावगे वाटले नाही.

शिकणाऱ्यांचे हात चांगलेच होते, अडचण घाईच्या सवयीची होती. सिमेंटचा गिलावा दुसऱ्या दिवशी टणक होतो. चुन्याचे थर पातळ द्यावे लागतात, प्रत्येक थर सावकाश घट्ट होऊ द्यावा लागतो आणि ओली गोणपाटे लावून तो जपावा लागतो. एका सकाळी घमेल्यातला माल किंचित करडा दिसला. अण्णांनी चिमूटभर बोटांवर चोळून पाहिला आणि कुणालाही नाव न विचारता सगळे घमेले ओतून टाकायला लावले. ‘अण्णा, वाईच शिमिट घातलं तर काय बिघडतंय?’ असे एकाने विचारले, तेव्हा त्यांनी त्याला मागच्या भिंतीपाशी नेऊन ते विटांचे पापुद्रे वेचायला लावले. त्यानंतर तसा प्रकार झाला नाही. पाऊस संपल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचा काळच या कामाला बरा असल्याने पुढे आम्ही वेळापत्रकही त्याच बेताने आखले.

गवंडी तयार झाले, तरी त्यांना काम मिळणे हा प्रश्न उरलाच. आम्ही मागवलेल्या निविदांमध्ये एका कंत्राटदाराने चुन्याच्या दरजांसाठी सिमेंटच्या कामाचाच दर भरला होता आणि त्या दरात चुना मुरवण्याचा काळ, गाळणी किंवा ओल जपणारा माणूस यांपैकी काहीच बसत नव्हते. म्हणून पुढच्या टप्प्यासाठी अभियंत्याकडून वेगळे दर पृथक्करण, म्हणजे दरात कोणता खर्च किती याची फोड, करून घेतले, त्यात मुरवणीचा खर्च स्वतंत्र धरला आणि काम देण्याआधी भिंतीवर एक नमुना तुकडा करून दाखवावा, अशी अट घातली. माझ्या मते या अटीचा उपयोग कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त झाला, कारण नमुना करून दाखवायचा म्हटल्यावर कंत्राटदारालाच आमच्या गवंड्यांना विचारणे भाग पडले.

गटातले काहीजण जास्त रोजासाठी पुण्याच्या बांधकामांवर निघून गेले आणि त्यांना दोष देता येत नाही. जे राहिले त्यांना आता गावातल्या दुसऱ्या दोन वाड्यांची कामे मिळाली असून हौदातला चुना त्यांनीच भरून ठेवला आहे. यंदा तुळया आणि कडीपाटाचे, म्हणजे लाकडी छताचे, काम काढायचे आहे. त्यासाठी जुनी सांधेजोड येणारा सुतार आम्ही शोधत आहोत आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांचा रोज या वेळी अंदाजपत्रकातच धरला आहे.